पाळणाघरांना नियम लावा, पण घराची शाळा करू नका

प्रति,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि पाळणाघरांच्या नियमावलीचा मसुदा ज्यांच्या टेबलावर येईल त्या सर्वांना

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, राहत्या घरात पाळणाघर चालवते. सध्या सात मुलं आहेत. सर्वांत धाकटी साडेसात महिन्यांची, थोरला चार वर्षांचा. सांभाळायला मी आणि दोन मावशी. पहिलं मूल पावणेआठला येतं, शेवटचं साडेसातला जातं, आणि मुलुंडच्या अलीकडे-पलीकडे रस्ता तुंबला असेल तर आठ वाजतात.

एवढी वर्षं झाली, पण "बाई, लोकांची तान्ही मुलं तुम्ही कशाच्या जोरावर सांभाळता?" असं मला सरकारच्या वतीनं कुणीही विचारलेलं नाही. शॉप अॅक्टखाली ऑनलाइन सूचना भरली, तेवढीच माझी सरकारदरबारी नोंद. दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामगार थोडे असले की तेवढं पुरतं. झेरॉक्सवाल्याला मिळते तीच पावती मला मिळाली. त्याच्याकडे मशीनमध्ये कागद अडकतो, माझ्याकडे मुलाच्या घशात द्राक्ष अडकू शकतं. हा फरक त्या अर्जात कुठेच विचारलेला नाही.

तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते, नियम नकोत म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. नियम हवेत आणि चांगले कडक हवेत. भीती आहे ती ते नको त्या गोष्टी मोजत बसतील याची.

आपल्याकडे लहान मुलांच्या सुरक्षेचा विषय निघतो तो टीव्हीवर काहीतरी भयंकर दिसल्यावर. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयानं केलेली मारहाण सगळ्या देशानं पाहिली. त्या आठवड्यात माझ्याकडची प्रत्येक आई घरी गेल्यावर मुलाचं अंग तपासत होती. मला त्याचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा पुन्हा तेच. दोन्ही वेळा सर्वांत मोठ्या आवाजात आलेली मागणी एकच होती, कॅमेरे लावा.

खारघरला कॅमेरा होता की. म्हणूनच तर ते चित्रण आपल्याला दिसलं. पण ते तपासलं गेलं केव्हा? आईवडिलांना मुलीच्या अंगावर खुणा दिसल्या, त्यांनी तक्रार केली, त्यानंतर. म्हणजे वरातीमागून घोडं. माझ्या हॉलमध्ये कॅमेरा आहे, दारावरही आहे, आणि तो असावाच. मात्र पालकांच्या मोबाइलवर दिवसभर थेट प्रक्षेपण सक्तीचं करू नका, ही विनंती. कुठल्याही एका आईला दिसणाऱ्या सात मुलांपैकी सहा दुसऱ्यांची असतात. त्यांना शी-शू करताना, उघडी असताना, हमसून रडताना कुणाच्या तरी ऑफिसातल्या स्क्रीनवर का दाखवायचं? शिवाय कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवून वागणाऱ्या बाईचं मुलाकडे लक्ष राहत नाही. स्वतःचं पाळणाघर काढण्याआधी मी दुसरीकडे कामाला होते. तिथं मूल रडलं की लगेच त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबायचं अशी रीत होती, कारण वर आई बघतेय. मूल गप्प झालं की चित्र छान दिसायचं. ते का रडत होतं हे मात्र दिवसअखेर कुणालाच ठाऊक नसायचं.

त्यापेक्षा माझा भरवसा उघड्या दारावर आहे. माझ्याकडे आई, बाबा, आजी, आजोबा, ज्यांची नावं नोंदवली आहेत ते कुणीही फोन न करता कधीही येऊ शकतात. दुपारी दोनला, मुलं झोपलेली असताना सुद्धा. "चार ते पाचमध्येच भेटा, एरवी मुलं डिस्टर्ब होतात" असं जिथं सांगतात तिथं मूल ठेवू नकोस, असं मी माझ्या भाचीला सांगितलं होतं. तुम्ही ते नियमात लिहा. एका ओळीचा नियम आहे, खर्च शून्य.

आता मोजायचं काय ते सांगते. आधी हात मोजा.

केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असा हिशेब होता. (ती योजना आता मिशन शक्तीखाली 'पाळणा' या नावानं चालते.) सहा महिने ते सहा वर्षं वयाची पंचवीस मुलं आणि बाया दोन. मी त्या दोघींना नावं ठेवत नाही. त्यांच्या जागी मी असते तर दुपारपर्यंत ओरडायला लागले असते आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी पाठीत धपाटा घातला असता. मुलांवर हात टाकणारी बाई स्वभावानंच दुष्ट असते, असं मानणं आपल्याला सोयीचं पडतं. तशा असतातही. पण पुष्कळदा ती दमलेली असते, एकटी असते, सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेली असते आणि आठव्या मुलाचं रडणं ऐकत असते. तिला अटक केल्यावर तिच्या जागी दुसरी बाई येते आणि मुलं तेवढीच राहतात.

माझा हिशेब सरळ आहे. समजा इमारतीत धूर झाला. चालता न येणारी किती बाळं एका बाईला उचलून बाहेर पळता येईल? दोन. तिसरं चालणारं असेल तर ते हाताला धरून येईल. म्हणून दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस, त्याहून एकही मूल जास्त घ्यायचं नाही. आणि घरात चालणाऱ्या पाळणाघरात एकूण मुलं आठच्या वर नकोत, मग घर केवढंही ऐसपैस असो. दर चौरस फुटामागे मुलं मोजायला लागलात तर घोडबंदरच्या टॉवरमधला मोठा फ्लॅट भाड्यानं घेऊन त्यात तीस मुलं कोंबणारा पास होईल आणि माझ्यासारखी नापास.

हातांइतकंच महत्त्वाचं म्हणजे ते हात रोज तेच असले पाहिजेत. सात-आठ महिन्यांच्या बाळाला ओळखीचं-अनोळखी कळायला लागतं, परकं माणूस दिसलं की ते भोकाड पसरतं, आणि नेमकं त्याच वयात ते आपल्याकडे येतं. कारण उघड आहे. प्रसूतीची रजा २६ आठवडे, त्यातले आठपर्यंत आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. कुणी आधी घेते, कुणी पुढे थोडी बिनपगारी जोडते, पण बाळ पाच ते आठ महिन्यांचं असताना आई लोकलमध्ये असते. अशा बाळाला महिन्याला नवी मावशी म्हणजे महिन्याला नवं दुःख. माझ्याकडे प्रत्येक लहान बाळाची मावशी ठरलेली आहे. भरवणं, झोपवणं, कपडे बदलणं तीच करते. ती रजेवर गेली तर मी करते, तिसरं कुणी नाही. तपासणीला येणाऱ्यांनी मावशींना पगार किती, सुट्टी मिळते का, आणि त्या किती काळ टिकल्यात, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. भिंतींचा रंग नंतर बघितला तरी चालेल.

आता माझ्या दुसऱ्या भीतीकडे येते. ती पहिलीहून मोठी आहे.

नियम लिहिणाऱ्याला टिक करता येईल असं काहीतरी हवं असतं. मग तक्ते येतात, वेळापत्रक येतं, अमुक वाजता सर्कल टाइम, तमुक वाजता अॅक्टिव्हिटी. महिन्याला एक थीम. भिंतीवर एबीसीडी आणि फळं. पालकांनाही ते हवंच असतं. गेटशी मुलाला कडेवर घेता घेता पहिला प्रश्न असतो, "आज काय शिकवलं?" मूल अजून दीड वर्षाचं व्हायचं असतं.

माझ्या भिंतींवर तक्ते नाहीत. खाली, मुलांच्या उंचीला, एक आरसा आहे आणि त्याच्यापुढे आडवी लाकडी दांडी, धरून उभं राहायला शिकणाऱ्यांसाठी. कपाटात स्टीलचे डबे, जुन्या ओढण्या, लाकडी पळ्या, करवंट्या, पुठ्ठ्याची खोकी. मण्या-चिंचोक्यांसारख्या बारीक वस्तू वरच्या फळीवर, त्या फक्त मोठ्यांसाठी आणि धाकटी झोपल्यावर. दिवसाला आकार आहे, पण तो खाणं, झोप, अंगण आणि पाणी यांनी आलेला आहे. मधल्या वेळात मुलं त्यांना जे करायचं ते करतात आणि आम्ही जवळ बसून असतो.

परवाचीच गोष्ट. चौदा महिन्यांच्या एका मुलीला फिरकीच्या झाकणाचा छोटा डबा सापडला. आधी तिनं झाकण ओढलं. मग चावलं. मग डबा जमिनीवर आपटून पाहिला. मग झाकण फिरवलं, तर सगळा डबाच हातात फिरला. जवळ बसलेल्या मावशींचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला. थोड्या वेळानं तिनं डबा मांड्यांमध्ये दाबून धरला आणि झाकण पुन्हा फिरवलं, आणि ते हललं. तिनं मान वर करून मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "फिरलं की!" एवढंच. पुढचा अर्धा तास ती ते झाकण काढत होती आणि काढलेलं परत बसवायला बघत होती, ते काही तिला जमलं नाही. तुमच्या तपासणी अधिकाऱ्याला हे कुठल्या रकान्यात लिहिता येईल? त्या वेळी खोलीत कुणी काही शिकवत नव्हतं. मात्र मुलं सांभाळणाऱ्या बाईचं कसब जर कुठे दिसत असेल तर ते त्या मागे आलेल्या हातात दिसतं, आणि ते यायला माझ्या मावशींना वर्ष लागलं. आपल्या बायकांचा हात आधी मदतीला धावतो.

हे काही मी परदेशी व्हिडिओ बघून आणलेलं खूळ नाही, हेही सांगायला हवं, कारण सोसायटीतले एक काका मला "तुमचं ते मॉडर्न" म्हणतात. लहान मुलांच्या शिक्षणासाठी नूतन बाल शिक्षण संघ १९२६ मध्ये स्थापन झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, ते पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा सगळा भाग तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्या पाड्यावरच्या अंगणात जाऊन बसल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. शिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य. देशभरातल्या अंगणवाड्यांची मुळं त्या अंगणांत आहेत आणि तुमच्याच विभागाकडे आज राज्यातल्या अंगणवाड्यांचा कारभार आहे. मूल आपल्या गतीनं, आपल्या हातांनी शिकतं, हे ज्या जिल्ह्यात सिद्ध करून दाखवलं गेलं त्याच जिल्ह्याच्या गावात मला ते पालकांना दर जूनमध्ये नव्यानं पटवावं लागतं.

कागदावर सरकारही माझ्याच बाजूचं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पायाभूत टप्प्यात खेळातून शिकण्यावर भर देतं. पण त्या पाच-तीन-तीन-चारच्या आराखड्याची मोजणी तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. त्याच्या आतल्या मुलांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा. तो अंगणवाडीताईंच्या हाती जातो, ठीकच आहे. माझ्या मावशींच्या हाती तो कधी येणार? माझ्याकडची सातातली पाच मुलं तीनच्या आतली आहेत.

हळुवारपणे सांभाळणं म्हणजे मुलांना मोकाट सोडणं, असाही एक समज आहे. त्यासाठी चावण्याबद्दल सांगते. दीड-दोन वर्षांची मुलं चावतात. दात येत असतात, शब्द आलेले नसतात, समोरच्याच्या हातात आपल्याला हवा तो डबा असतो. पाळणाघरांमध्ये पालकांची भांडणं लागतात ती नव्वद टक्के यावरून, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर दंडावरच्या दातांच्या खुणांचा फोटो पडला की संध्याकाळ संपली. आमच्याकडे असं होतं तेव्हा मावशी दोघांच्या मध्ये हात घालतात आणि चावणाऱ्याला सांगतात, "चावायला देणार नाही मी." आवाज चढवत नाहीत, पण हातही काढत नाहीत. मग आधी ज्याला चावलं त्याला जवळ घेतात. चावणाऱ्याला थंड ओला रुमाल चावायला देतात. "सॉरी म्हण" नाही, कोपऱ्यात उभं करणं नाही, आणि "मी तुला चावून दाखवू का?" हे तर नाहीच नाही. (हे शेवटचं मी भल्या घरच्या आज्यांच्या तोंडून ऐकलंय.) दोन्ही घरी फोन जातो, मात्र कोण चावलं ते नाव सांगितलं जात नाही. यावरून माझ्याकडून एक मूल काढूनही नेलंय. चालायचंच.

खाण्याचंही तसंच. चिऊचा घास, काऊचा घास मलाही प्रिय आहे. पण पोट भरल्यावर मान फिरवणाऱ्या मुलाच्या तोंडात पाचवा पक्षी कोंबायचा, आणि तेही समोर मोबाइल लावून, याला मी भरवणं म्हणत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आमच्याकडे वरणभात ताटलीत वाढला जातो, मूल हातानं खातं, अर्धा अंगावर सांडतं, मग आंघोळ. दर दुपारी फरशी पुसणं हा या पद्धतीचा खरा खर्च आहे. वॉकरही आणू देत नाही. कॅनडानं तर २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली, कारण चाकांवर बसलेली बाळं जिन्यावरून गडगडत होती. आजोबांना वाईट वाटतं, हौसेनं घेतलेला असतो. त्यांना मी पांगुळगाडा आणायला सांगते. तो धरायला मुलाला आधी स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं.

आणि सर्वांत कठीण गोष्ट, पहिले दिवस. आई गुपचूप सटकते. मूल खेळात रमलं की चपला हातात घेऊन ती दाराबाहेर. रडू नये म्हणून. पण मूल मान वळवतं तेव्हा आई नसते, आणि मग ते पुढे कित्येक दिवस खेळतच नाही, दारावर पहारा करतं. म्हणून आमच्याकडे अट आहे: सुरुवातीचे काही दिवस आई किंवा बाबांनी इथं येऊन बसायचं, आणि जाताना सांगून जायचं. मूल रडतं. रडू द्यायचं, जवळ घेऊन. "आई गेली ना, वाईट वाटतंय" असं म्हणायचं. "तो बघ काऊ" म्हणायचं नाही. कंपन्या या दिवसांची रजा देत नाहीत, मुलांच्या आया रडवेल्या होऊन तासाची सवलत मागतात. तुम्ही नियमावलीत हा रुळण्याचा काळ लिहिलात तर निदान एचआरला दाखवायला त्या बाईकडे एक सरकारी कागद असेल.

कंपन्यांवरून पैशांकडे येते. तीन मुलांमागे एक मावशी ठेवायची तर फी वाढते, हे मला न कळायला काय झालं. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितलं आणि आईला दिवसातून चारदा तिथं जायची मुभा दिली. छान कायदा आहे. पण ठाण्याहून बीकेसीला जाणारी बाई सहा महिन्यांचं बाळ घेऊन सकाळी साडेआठच्या लोकलच्या लेडीज डब्यात चढेल, असं ज्याला वाटतं त्यानं तो डबा एकदा आतून पाहावा. फलाटावरूनही चालेल. कंपनीनं ऑफिसात रंगीत खोली केली तरी ती रिकामी राहते, आणि बाळ माझ्याकडे येतं, आईच्या खिशातून. त्याच कायद्यात ही सोय सामाईकपणे करायचीही वाट ठेवलेली आहे. मग कंपनीचा पैसा नोंदणी झालेल्या, घराजवळच्या पाळणाघराकडे यायला काय हरकत आहे? तसे नियम करा. ज्या बायकांच्या मालकाकडे पन्नास माणसं नाहीत, पार्लरवाल्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, चार घरची कामं करणाऱ्या, त्यांच्यासाठी महापालिकेनं भार उचलावा. माझ्या एका मावशींचा मुलगा लहान होता तेव्हा तो कुठे असायचा, माहितीये? माझ्याच पाळणाघरात. त्यांना परवडेल असं दुसरं काही नव्हतं.

जागेबद्दल फार बोलत नाही. ज्या घरात मूल सांभाळायचं ते तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असावं. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप असावी; ठाण्यात आपण चोरांच्या भीतीनं स्वतःला पिंजऱ्यात कोंडून घेतो आणि आग लागली की कळतं. सिलिंडर मुलांच्या खोलीपासून दूर, औषधं आणि फिनाइल कुलपात, पाण्याचं पिंप झाकलेलं. घरात राहणाऱ्या आणि कामाला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस पडताळणी, माझ्या नवऱ्याची सुद्धा. प्रत्येक मावशीला घशात घास अडकला तर काय करायचं याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण: वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन पाठीवर पाच थापा, मग उलटवून छातीवर पाच वेळा दाब. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून बघावं लागतं. आम्ही पदरचे पैसे घालून ते शिकलो. द्राक्षं आम्ही उभी चिरूनच देतो आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहानांच्या हाती लागू देत नाही. पण व्यापारी जागा हवी, वेगळं प्रवेशद्वार हवं, अमुक फुटांचं स्वागतकक्ष हवं, असं काही लिहिलंत तर आमच्यासारख्या बायका नोंदणी करणार नाहीत. मुलं सांभाळणं थांबणार नाही, फक्त पाटी उतरेल. आणि बंद दारामागे काय चाललंय हे तुम्हाला आजच्याइतकंही कळणार नाही.

तपासणी मात्र करा. कळवून येऊ नका. सकाळी अकराला तर येऊच नका, अकराला सगळी पाळणाघरं सुंदर असतात. संध्याकाळी सहाला या. मुलं भुकेली, कंटाळलेली, मावशी दमलेल्या, एकाची आई नुकतीच येऊन गेलेली आणि उरलेली सहा दाराकडे बघतायत. चपला बाहेर काढून खाली बसा आणि फॉर्म पिशवीत ठेवून तासभर नुसतं बघा. मुलाला उचलण्याआधी त्याला सांगितलं जातं का? लंगोट बदलताना त्याच्याशी कुणी बोलतं, की ते पोतं उलटसुलट केल्यासारखं होतं? रडणाऱ्याकडे कुणी वळतं का? मोठ्या माणसांचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा मोठा आहे का? एवढ्यात तुम्हाला सगळं कळेल. तपासायला माणूस पाठवायचा तर तो असा पाठवा ज्यानं निदान महिनाभर स्वतः लहान मुलं सांभाळलीत. निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका ठाण्यात पुष्कळ सापडतील, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

शेवटची मागणी कामकाजाची आहे. मसुदा तयार झाला की तो मराठीत, समजेल अशा भाषेत प्रसिद्ध करा आणि हरकती-सूचनांना पुरेसा वेळ द्या. मोठ्या प्ले-स्कूल साखळ्यांचे प्रतिनिधी तुमच्या बैठकीला येतील, त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. घरी पाळणाघर चालवणाऱ्यांना आणि त्यांच्या मावशींनाही बोलवा. फक्त सुनावणी मंत्रालयात आणि सोमवारी-मंगळवारी ठेवू नका. ठाण्यात ठेवा, आणि रविवारी ठेवा. बाकीचे दिवस आमच्याकडे मुलं असतात.

कळावे,
एक पाळणाघरवाली
नौपाडा, ठाणे